दुपारी चूल कोण पेटवते? चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळी स्वयंपाकाचा इतिहास

ज्यांना इयरफोन सापडत नाहीत किंवा जे लोकलमध्ये उभे राहून वाचतात, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार. बोलताना जे अडखळलो ते इथे काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

नेहमी आपण किल्ले, लढाया, राजे यांच्यावर बोलतो. आज स्वयंपाकघराचा इतिहास. हसू नका. हा विषय मला पुस्तकातून नाही सुचला, आमच्या घरी एक पातेलं पडलं त्यातून सुचला.

गेल्या वर्षीचा मे महिना. मी वर्क फ्रॉम होम घेऊन चंद्रपूरला घरी आलो होतो. बाहेर पारा ४५ च्या वर. मी आतल्या खोलीत, एसी लावून, दुपारी साडेबाराच्या कॉलवर. तेवढ्यात स्वयंपाकघरातून धाडकन आवाज आला. मी आधी म्यूट केलं (हे सांगताना आजही लाज वाटते), मग उठलो. आई ओट्याला पाठ टेकवून खाली बसली होती. चेहरा पांढरा, कपडे घामाने चिंब. तव्यावर पोळी जळत होती. तिला मी विचारलेला प्रश्न समजत होता, पण उत्तर द्यायला वेळ लागत होता.

डॉक्टर म्हणाले, उष्माघाताच्या आधीची पायरी आहे, थोडक्यात निभावलं. सलाईन लागलं, संध्याकाळी आई घरी आली आणि पहिलं वाक्य बोलली, "तुझं जेवण राहिलं ना रे?"

त्या रात्री मी गडचिरोलीतल्या गावी आजीला फोन केला. आजीचं वय ऐंशीच्या पुढे. याच उन्हात तिने सहा-सात माणसांचा स्वयंपाक साठ वर्षं केला. मी विचारलं, "आजी, तुला कधी चक्कर नाही आली का गं चुलीपुढे?" आजी म्हणाली, "दुपारी चूल कोण पेटवते बाबू? येडं आहे का कोणी?"

आजचा भाग या एका वाक्याचा आहे.

वाळवंट नाही, तरी वाळवंटासारखं

आधी आमच्या उन्हाबद्दल. चंद्रपूर म्हणजे ताडोबाचं जंगल, गडचिरोली म्हणजे त्याहून दाट जंगल. पावसाळ्यात धो धो पाऊस, धानाची शेती, तलाव. पण एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी होते की ओला टॉवेल दोरीवर टाकून वळलात की वाळला. पारा ४५ पार करणं ही आमच्याकडे बातमी नसते. नवतपा सुरू झाला, म्हणजे २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला, की लोक गरजेशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

कोरड्या हवेचा एक फायदा असतो. घाम पटकन वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. ४५ अंशाला हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २४ च्या आसपास दाखवतो. माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच. वाळ्याच्या ओल्या ताट्या अकबराच्या काळातही होत्या, पुढे इंग्रज साहेबांच्या बंगल्यांना लागल्या, आणि आज विदर्भातल्या प्रत्येक खिडकीला जो कूलर लटकलाय तो त्याच तत्त्वावर चालतो. त्याचं नाव बघा, डेझर्ट कूलर. जंगलातल्या जिल्ह्यात वाळवंटाचं यंत्र!

पण घाम वाळायला अंगात पाणी आणि मीठ हवं, आणि घरात हवा खेळती हवी. आजीच्या स्वयंपाकात या दोन्हीची सोय होती.

आजीचं घड्याळ

आजीच्या घरी उन्हाळ्याचा दिवस पहाटे सुरू व्हायचा, कारण जंगलाचं घड्याळच तसं आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात, ती ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. त्यानंतर तेंदूपानाचा हंगाम. पानं सकाळी तोडायची, घरी आणायची आणि मग सगळं घर सावलीत बसून पुडके बांधणार. एका पुडक्यात सत्तर पानं. आजोबा, आजी, माझे वडील, आत्या, सगळे. माझ्या वडिलांना सत्तरपर्यंत आकडे शाळेच्या आधी तेंदूपानांनी शिकवले, हे ते अजूनही सांगतात.

या दिवसात चूल पेटायची दोनदाच. एकदा उजाडायच्या आधी, एकदा अंधार पडल्यावर. आणि उन्हाळ्यातली चूल घरात नसायची, अंगणात मांडवाखाली असायची. घरावर कवेलू, त्यांच्या फटीतून गरम हवा वर निघून जायची. पुढे सपरी, तिथे दुपारची झोप. सपरीच्या कोपऱ्यात रांजण.

मग दुपारी जेवायचं काय? आंबील.

आंबील आणि ओआरएस

चंद्रपूरच्या पश्चिमेला, वरोरा-राजुऱ्याकडे काळी माती, तिथे ज्वारीची आंबील. पूर्वेला ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि पुढे गडचिरोली, हा धानाचा पट्टा, म्हणजे झाडीपट्टी. आमच्या आजीकडे कनकीची, म्हणजे तुकडा तांदळाची पेज. पीठ किंवा कनकी रात्री ताकात नाही तर पाण्यात भिजवायची, ती आंबायची, पहाटे शिजवायची, मीठ आणि ठेचलेला लसूण घालायचा आणि मातीच्या गाडग्यात झाकून ठेवायची. दुपारी ताक किंवा पाणी घालून पातळ करून प्यायची. तोंडी लावायला कांदा, कधी कैरी. आंबील हा शब्दच 'आम्ल'वरून आलाय. आंबट झालेलं, पण बिघडलेलं नाही.

आता इंजिनिअर म्हणून मला इथे मजा वाटते. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने मांडलं की आपल्या आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत शिरतात. नुसतं पाणी प्यायलं की ते तितक्या वेगाने शोषलं जात नाही, सोबत ग्लुकोज आणि मीठ असेल तर पाणी त्यांच्यामागून आत जातं. याच तत्त्वावर ओआरएस तयार झालं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना ते पाजून हजारोंचे प्राण वाचवले. पुढे ढाक्यात साखरेऐवजी तांदळाचं पीठ वापरून ओआरएस केलं, तेही चाललं. तांदळातला स्टार्च पोटात गेला की त्याचं ग्लुकोजच होतं.

म्हणजे पेज, मीठ, पाणी. आज राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेच्या सूचना उघडून बघा. ताक, लिंबूपाणी आणि भाताची पेज प्या, असं त्यात लिहिलंय. आणि त्याच यादीत आणखी एक ओळ आहे: भर उन्हाच्या वेळी स्वयंपाक करणं टाळा, स्वयंपाकघराची दारं-खिडक्या उघडी ठेवा. आजीचं वाक्य, सरकारी भाषेत.

एक मात्र स्पष्ट सांगतो. कोणी बेशुद्ध पडलं, बडबडायला लागलं, अंग तापलं, तर आंबील पाजत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा. आंबील आधीची काळजी आहे, नंतरचं औषध नाही.

चूल आणि कायदा

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे? चुलीत जळणारं लाकूड कोणाचं, या प्रश्नात आहे.

१८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले, औरस वारस नव्हता, आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. त्यासोबत चांदाही गेलं. १८७८ च्या वन कायद्याने 'राखीव' आणि 'संरक्षित' जंगल असे शब्द आणले. जे सरपण, मोह, चारोळी, टेंभरं लोक पिढ्यान् पिढ्या आणत होते, ते एकदम कुणाच्या तरी परवानगीचं झालं. आजीला तारखा माहीत नाहीत. पण मोळी डोक्यावर असताना गार्ड दिसला की रस्ता बदलायचा, हे तिला माहीत आहे. ती ज्या जिल्ह्यात राहते तो कागदावर १९८२ चा, चंद्रपूरमधून वेगळा काढलेला. जंगल तेच राहिलं, गार्डही तेच.

२००६ चा वनहक्क कायदा यायला शंभराहून जास्त वर्षं गेली. २००९ मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक ठरलं, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानाचा व्यवहार स्वतः करू लागल्या. आजीच्या अंगणातल्या पुडक्यांचा भाव ठरवताना गावातलं माणूस बसलेलं असणं, हे माझ्या वडिलांच्या लहानपणी कोणाला खरं वाटलं नसतं.

मग बदललं काय?

वडील कोळसा खाणीत लागले आणि आम्ही शहरात आलो. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र १९८३ पासून सुरू आहे, आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट. त्या नोकऱ्यांनी माझ्यासारख्यांची इंजिनिअरिंगची फी भरली, हे विसरून बोलणार नाही. पण नोकरीसोबत घड्याळ बदललं. डबा, शिफ्ट, शाळा, ऑफिस. भाताच्या घरात पोळी आली, आणि पोळी गरमच हवी झाली. कवेलूच्या जागी स्लॅब आला. अंगणातली चूल आठ बाय सहाच्या खोलीत ओट्यावर चढली.

त्या दिवसाचा हिशोब मी नंतर मांडला. गॅसची एक शेगडी साधारण दोन किलोवॅट. आईच्या दोन शेगड्या चालू होत्या, म्हणजे चार किलोवॅट उष्णता त्या छोट्या खोलीत. कूलरचा झोत तिकडे वळवता येत नाही, गॅस विझतो. पंखाही बंद, त्याच कारणाने. माझ्या खोलीतला दीड टनाचा एसी पाच किलोवॅटपेक्षा जास्त उष्णता बाहेर फेकत होता. आणि बाहेर म्हणजे कुठे? त्याचं आउटडोअर युनिट आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीलगत बसवलं होतं, कारण तिथे पाइप कमी लागला. म्हणून आई खिडकी बंद ठेवायची.

मी थंड बसावं म्हणून माझी उष्णता आईच्या खिडकीत जात होती. हा डायग्राम कागदावर काढला तेव्हा मला काही सुचेना.

आजीचा काळ चांगला होता का?

नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा भागांना "जुनं ते सोनं" अशा कमेंट येतात. आजीचे डोळे चुलीच्या धुराने गेले, खोकला अजून आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढे तिच्या घरी सिलेंडर आला, तेव्हा ती दोन दिवस नुसती शेगडी पुसत होती. पहाटे मोहाला गेलेल्या बायका खाली वाकून फुलं वेचतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत अशा वेळी वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, आजही जातात. पाणी आजीच आणायची. आणि आंबील सगळ्यात शेवटी, गाडग्याच्या तळाची, तीच प्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "मग का, आधी बाईनं प्यायची?"

म्हणजे तेव्हाही सोसायचं बाईनेच, आताही तिनेच. फरक एवढाच की तेव्हा निदान दुपारी चूल विझलेली असायची. त्या विझलेल्या चुलीवर सगळ्या घराची संमती होती. आमच्या घरी कोणी तशी संमती दिलीच नव्हती, मागितलीही नव्हती.

आता आमच्याकडे मे महिन्यात सकाळी आठनंतर गॅस पेटत नाही. वरण-भात आणि भाजी सकाळीच होते, भाजी मी चिरतो. दुपारी आंबील, कांदा, सांडगे. पोळ्या रात्री. आउटडोअर युनिट गच्चीवर गेलं, पाइपचे जास्तीचे पैसे लागले. बाबा पहिला आठवडा कुरकुरले, "दुपारी थंडच जेवायचं का आता?" आई काही बोलली नाही. आजी स्पीकरवर होती. ती म्हणाली, "काहून रे, तू आंबील पिऊनच मोठा झाला ना?" विषय संपला.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरी दुपारी एक वाजता स्वयंपाकघरात दहा मिनिटं उभे राहा. फोन बाहेर ठेवून. मग आजीला, आईला विचारा की त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात चूल किती वाजता पेटायची, आणि शेवटी कोण जेवायचं. उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.

आणि हो, पाणी प्या. मीठ घालून.