कोरोना उपग्रहांच्या निगेटिव्ह आणि सात मायक्रॉनांचा प्रश्न

पोथीची नक्कल करणारा लेखक मुळातील काय उतरवून घेतो आणि काय गाळतो, या प्रश्नाभोवती सारी पाठचिकित्सा फिरत असते. मोठ्या आकाराच्या फिल्म-निगेटिव्हचे स्कॅनिंग हे याच जातीचे कार्य होय. भेद एवढाच की, नकलकाराची चूक दुसऱ्या प्रतीशी ताडून उघडकीस आणता येते. स्कॅनिंगची घनता ठरविताना जे गळून पडते, त्याची खूण मात्र नव्या प्रतीत कोठेही उरत नाही. अमेरिकेच्या कोरोना या टेहळणी-उपग्रहमालिकेची फिल्म या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

या मालिकेतील फिल्म ऑगस्ट १९६० मध्ये प्रथम सुखरूप हाती आली व मे १९७२ मध्ये शेवटची मोहीम झाली. उपग्रहातून फिल्मची कुपी खाली सोडावयाची आणि ती हवाई छत्रीने उतरत असता विमानाने अधांतरीच पकडावयाची, अशी ती योजना होती. आरंभीची ॲसिटेटची फिल्म अवकाशाच्या निर्वातात तुटत असे. पॉलिएस्टरच्या फिल्मने ती अडचण दूर केली. फिल्मची रुंदी ७० मिलिमीटर. तीवरील एकेक चित्र सुमारे ५५ मिलिमीटर रुंद आणि तब्बल ७५७ मिलिमीटर लांब. २२ फेब्रुवारी १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने या काळातील ८ लाख ६० हजारांहून अधिक चित्रे गोपनीयतेतून मुक्त झाली. मूळ फिल्म राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेली आणि तिची दुसरी प्रत साऊथ डाकोटातील सू फॉल्सजवळच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या केंद्रात ठेवण्यात आली. अभ्यासकांना अंकरूप चित्रे मिळतात ती या दुसऱ्या प्रतीवरून, ७ मायक्रॉन अंतराने, म्हणजे इंचाला ३,६०० बिंदू या प्रमाणाने स्कॅन केलेली.

हे प्रमाण पुरेसे आहे काय? मालिकेतील अखेरचा कॅमेरा, के. एच. ४-बी, याचे नाभीय अंतर २४ इंच होते. सुमारे १५० किलोमीटर उंचीवरून घेतलेल्या चित्राचे प्रमाण त्यामुळे मध्यभागी १ : २,४७,००० च्या आसपास येते आणि फिल्मवरील ७ मायक्रॉन जमिनीवरील पावणेदोन मीटरांएवढे भरतात. याच कॅमेऱ्याचे भू-विभेदन ६ फूट, म्हणजे १.८ मीटर, असे नमूद आहे. दोन आकडे जवळजवळ सारखे दिसतात आणि वाचक निश्चिंत होतो. परंतु हे साम्य फसवे आहे. फिल्मचे विभेदन रेषायुग्मांत मोजतात. एक काळी व तिच्या शेजारची एक पांढरी मिळून एक युग्म होते. स्कॅनरचा आकडा मात्र एकेकट्या बिंदूचा असतो. एक युग्म ओळखण्यास निदान दोन बिंदू लागतात. फिल्मची नमूद क्षमता मिलिमीटरला १६० युग्मांची, म्हणजे एका युग्मास सव्वासहा मायक्रॉन; ते पकडावयाचे तर बिंदूंमधील अंतर ३ मायक्रॉनांच्या घरात हवे. ७ मायक्रॉनांवर मिलिमीटरला ७१ युग्मांपलीकडे काहीच हाती लागत नाही. बिंदूंची दाटी आणि तपशिलाचे पृथक्त्व या दोन भिन्न कल्पनांना व्यवहारात एकच नाव पडले, त्याचा हा परिणाम होय. (पारिभाषिक संज्ञा घडविणाऱ्यांनी मराठीत तरी ही गफलत टाळावयास हवी.)

तथापि हा निर्णय सर्वस्वी चुकीचा ठरविणेही न्याय्य होणार नाही. छटांमधील भेद जसा फिका होतो, तशी फिल्मची क्षमता घटते. माळावरील मातीच्या छटा काही चाचणीपट्टीवरील रेषांइतक्या स्पष्ट नसतात. शिवाय प्रतीवरून प्रत करताना काही सूक्ष्मता अगोदरच गेलेली असते. दुसरीकडे खर्चही पाहिला पाहिजे. ७ मायक्रॉनांवर एका चित्राचे सुमारे ८४ कोटी बिंदू होतात. ३ मायक्रॉनांच्या आसपास गेल्यास ते ४०० कोटींहून अधिक होतील. मालिकेच्या आरंभीच्या कॅमेऱ्यांची फिल्म ५० ते १०० युग्मांचीच होती. तिच्या पुष्कळशा भागास ७ मायक्रॉन पुरेसे आहेत. खरी हानी होते ती अखेरच्या, सर्वोत्कृष्ट चित्रांची. सर्व फिल्मला एकच माप लावल्याचा हा दोष आहे.

पुरातत्त्वात या चित्रांनी केलेले कार्य मोठे आहे. जेसन उर यांनी २००३ मध्ये उत्तर मेसोपोटेमियातील प्राचीन वाटांच्या जाळ्याचा अभ्यास यांच्याच आधारे प्रसिद्ध केला. गुराढोरांच्या व माणसांच्या शतकानुशतकांच्या वर्दळीने खचलेल्या या उथळ वाटा बहुधा पन्नास मीटरांहून अधिक रुंद असल्याने अशा चित्रांत सहज उमटतात. पांढरीच्या टेकाडांचेही तसेच. परंतु शेताचा बांध, पाण्याचा अरुंद पाट, घराची भिंत या गोष्टी दोन-तीन मीटरांच्या असतात, आणि संशयाचे क्षेत्र नेमके तेथेच सुरू होते. जे चित्रात दिसत नाही ते भूमीवर नव्हते, असा निष्कर्ष अशा ठिकाणी काढता येत नाही. युफ्रेटीसवरील समसत, म्हणजे प्राचीन समोसाता, हे स्थळ अतातुर्क धरणाच्या जलाशयात बुडाले आहे. तेथे जाऊन पडताळा घेण्याचा मार्ग आता खुला नाही.

स्कॅनिंगची व्यवस्था मागणीनुसार चालते. एका अभ्यासकाने शुल्क भरून एखादे चित्र स्कॅन करविले की पुढे ते सर्वांस विनामूल्य उपलब्ध होते. ही व्यवस्था उदार आहे यात शंका नाही. पण तीमुळेच एकदा ७ मायक्रॉनांवर उतरलेले चित्र पुन्हा मागविण्याचे कारण दुसऱ्या कोणास सहसा पडत नाही, आणि अधिक सूक्ष्म तपशील धारण करणारी मूळ फिल्म अभिलेखागारातील डब्यांतच राहते.