बाहुलीच्या हौदाचे डॉक्टर

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी द्या, असे कमिटीने सांगितले. शिवाजी महाराज, पेशवे यांच्यावर इतर मंडळी लिहितीलच. मी लिहितोय एका मुलीच्या बापाविषयी.

पुण्यात बुधवार पेठेत, फरासखान्याजवळ बाहुलीचा हौद आहे. आपल्यापैकी बरेच जण त्याच्यावरून शेकडो वेळा गेले असतील. तो १८८० साली बांधला डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. घोले रस्ता ज्यांच्या नावाचा, तेच हे. नावाजलेले शस्त्रवैद्य, सरकारदरबारी रावबहादूर, आणि महात्मा फुल्यांचे सत्यशोधक समाजातले सहकारी. १८८८ साली फुल्यांना पक्षाघात झाला तेव्हा औषधोपचार यांनीच केले.

पण घरी ते काशीचे वडील. तिचे लाडाचे नाव बाहुली. मुलगी शिकवायची असे डॉक्टरांनी ठरवले आणि नातेवाईक, जातवाले बिथरले. १८७७ साली पोर गेली. वय जेमतेम आठ. लाडवातून काचा दिल्या, असे पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगतात. मी बँकेतला माणूस, व्हाउचर असल्याशिवाय पास करत नाही, म्हणून ते ‘सांगतात’ एवढ्यावरच ठेवतो.

डॉक्टरांनी पुढे काय केले, ते मात्र नोंदलेले आहे. मुलीच्या नावाने हौद बांधला आणि सगळ्या जातींना खुला केला. फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला तो १८६८ साली, त्याला बारा वर्षे झाली होती, तरी पाण्यावरचा विटाळ काही गेला नव्हता. आणि काशी गेली म्हणून शिक्षण थांबवले नाही. दुसरी मुलगी गंगूबाई, तिलाही शिकवले. एक पोर गमावलेल्या बापाला त्या दिवशी पाटी हातात देताना काय वाटले असेल?

हा हौद मला दाखवला माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी. आमचे गाव मांडवगण फराटा. तालुका शिरूर, पण भीमा ओलांडली की दौंड तालुका. १९६८ साली मला कॉलेजात घालायला दादा पुण्याला आले. खरेदी करून परतताना ते हौदापाशी थबकले. चौथी शिकलेला माणूस. दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचत राहिले. मी आपला घाई करतोय, गाडी चुकेल म्हणून!

वाचून झाल्यावर म्हणाले, “आपली थोरली एवढीच होती रे.”

माझ्या आधी एक बहीण होती, सहाव्या वर्षी तापाने गेली, एवढेच मला आईकडून माहीत होते. दादांच्या तोंडून तिचा उल्लेख मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आणि शेवटचाही. नळाला हात लावला, दोन ओंजळी पाणी प्याले, पिशवी उचलली.

धाकटी तेव्हा नववीत होती आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. गावी गेल्यावर दादांनी पाहुण्यांना निरोप धाडला, पोरगी अजून शिकतीया. भावकी महिनाभर धुसफुसली. ती मॅट्रिक झाली, डी.एड. झाली, तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली.

आपल्या कार्यक्रमाला ती येणार आहे. बी विंगच्या लिफ्टचे तेवढे बघा, तिचे गुडघे दुखतात.