पानफुटी म्हणजे पाषाणभेद नव्हे!

मंडळी, आपल्या नागपुरात पानफुटीची कुंडी पुष्कळ घरी असते. जाड रसाळ पान, कडेला खाचा, आणि पान मातीवर नुसतं टाकलं तरी त्या खाचांतून पिल्लं डोकावतात. कुणी तिला घायमारी म्हणतं, कुणी पर्णबीज. इथवर माझी काही तक्रार नाही. पण तिलाच ‘पाषाणभेद’ समजून मुतखड्यावर रोज दोन पानं चावून खाणारे भेटतात, तेव्हा माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा होतो.

चरकसंहितेत लघवी साफ करणाऱ्या औषधांच्या यादीत पाषाणभेद आहे. म्हणजे हे नाव दीड-दोन हजार वर्षं तरी जुनं. पानफुटी मात्र मूळची मादागास्करची! लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८६ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. कलकत्त्याची कंपनी सरकारची बाग सुरू झाली १७८७ साली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पानफुटी त्या बागेत होती. तिथून पुढे ती सगळीकडे गेली. मग चरकाने ती पाहावी कुठून?

खरा पाषाणभेद म्हणून बहुतेक अभ्यासक हिमालयातली बर्जेनिया मानतात. खडकांच्या भेगांत वाढते, पानं रुंद आणि गोलसर, फुलं गुलाबी, औषधात जमिनीलगतचं जाड मूळखोड वापरतात. ती आपल्याकडे उगवत नाही, म्हणून ज्याला जे मिळालं त्याला त्याने ते नाव देऊन टाकलं. दक्षिणेत कपूरमधुरी, आपल्याकडे पानफुटी. नाव एक, झाडं अनेक!

याचा अर्थ पानफुटी टाकाऊ आहे असं मात्र नाही हं. उलट विज्ञानाच्या इतिहासात तिचा मान मोठा. बेंजामिन हेन हा जर्मन वनस्पतितज्ज्ञ मद्रास इलाख्यात कंपनीच्या नोकरीत होता. त्याने पानफुटीची पानं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखली. सकाळी चुक्यासारखी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट! १८१३ साली त्याने हे पत्राने लंडनला कळवलं आणि १८१५ साली ते छापून आलं. कारण पुढे उलगडलं. ही झाडं रात्री पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा छिद्रं बंद ठेवून तोच साठा वापरतात, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. नागपूरच्या मे महिन्यात आपणही दारं-खिडक्या दिवसा लावून रात्रीच उघडतो ना, तसंच!

पानफुटीच्याच कुळातलं एक भावंड युरोपातल्या पहाडांत राहतं. मराठीत त्याला नाव नाही, इंग्रजीत हाऊसलीक. पानांचा गच्च गुलाबासारखा झुबका, भोवती पिल्लं, आणि फुलून गेला की आईचा झुबका मरतो. शार्लमेन बादशहाच्या काळातल्या, इ.स. ८००च्या सुमाराच्या हुकूमनाम्यात माळ्याने आपल्या घराच्या छपरावर ते लावावं असं सांगितलं आहे. त्याने वीज पडत नाही अशी समजूत होती. बर्फात टिकणारं हे झाड आपल्याकडच्या गरम रात्रींत आणि पावसाळ्याच्या दमटपणात सडतं. तेव्हा परदेशातल्या नातवंडांनो, ते आणायचा आग्रह नको. आपली पानफुटी बरी! पाण्याचा निचरा होणारी माती, थोडं ऊन आणि बेताचं पाणी, एवढ्यावर ती खूश असते. थंडी सरता सरता घंटांसारखी लोंबती फुलं येतात.

पण लावणं वेगळं आणि पोटात घेणं वेगळं. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात तिची जवळची भावंडं खाऊन गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून मुतखडा असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. कुणी पाषाणभेद दिलाच, तर पान आहे की मूळ, आणि नेमकं कुठल्या झाडाचं, एवढं तरी विचारा. जुनं नाव मिळालं म्हणून झाड जुनं होत नाही.

तुमच्या गावी पानफुटीला काय म्हणतात? जरूर कळवा.