एक शिंक आणि तीस फूट

सर्दी हा आजारच नव्हे, असं आमच्या घराण्याचं पिढीजात मत आहे. आजार म्हणजे ज्यात बघायला लोक येतात आणि येताना मोसंबी आणतात. सर्दीला सुंठ, गवती चहा आणि आईचं एक वाक्य, एवढंच मिळायचं. वाक्य ठरलेलं : "पाय ओले ठेवलेस ना? भोग आता."

त्यामुळे परवा बुधवारी सकाळी मला लागोपाठ चार शिंका आल्या तेव्हा मी नेहमीप्रमाणे रुमाल शोधायला लागलो. पण आमच्या सौ.नं चहाचा कप माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला, दोन पावलं मागं सरकली आणि म्हणाली, "अहो, आज बँकेत जाणार आहात?"

आता हा प्रश्न २०२० सालाआधी कुणी विचारला असता, तर मी त्याला हसलो असतो. सर्दीसाठी रजा मागणाऱ्या कारकुनाकडे मॅनेजर ज्या नजरेनं बघतो, ती नजर मी वीस वर्षं पाहिली आहे. पण आतल्या खोलीत आमचे अण्णा आहेत. वय ऐंशी, छातीत पेसमेकर, आणि सकाळचा पेपर माझ्या खांद्यावरून डोकावून वाचायची सवय. तेव्हा जायचं की खोलीत बसायचं? तपासणी करायची की सुंठ घ्यायची?

मी कॉमर्सचा पदवीधर. ज्या रकमेचं काय करावं ते कळत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. सर्दी झालेला माणूस म्हणजे असलंच एक खातं. धड आजारी नाही, धड बरा नाही. आणि गंमत अशी की, माणसांचं हे खातं पहिल्यांदा उघडलं तेसुद्धा व्यापाऱ्यांनीच. एड्रियाटिक समुद्राकाठचं रागुसा, म्हणजे आजचं डुब्रोव्हनिक. तिथल्या मंडळींनी १३७७ साली कायदा केला की, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यानं आधी तीस दिवस बाहेर काढावेत, मग गावात यावं. पुढे तिसाचे चाळीस झाले. इटालियन भाषेतल्या या चाळिसावरूनच 'क्वारंटाइन' शब्द आला. खूप वर्षं मला तो एखाद्या औषधाचा ब्रँड वाटत असे!

आम्हां पुणेकरांना मात्र हा शब्द ऐकला की व्यापारी आठवत नाहीत, रँड आठवतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. आधी त्यांच्यावर विश्वास कोण ठेवतो! मग १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात प्लेग कमिटी आली आणि सोल्जर घराघरांत शिरले. आजाऱ्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत. लोकांनी काय केलं? आजारी माणूसच लपवला. ताप आलेल्याला पांघरुणात दडवून 'घरी कुणी नाही' म्हणून सांगितलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत काय झालं, ते आपण शाळेत पाठ केलंय. पण तो कायदा काही गोळीनं मेला नाही. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारनं तोच कायदा लागू केला. एकशे तेवीस वर्षांचा कायदा! आमच्या बँकेत दहा वर्षांची फाइल सापडत नाही.

पण प्लेग झाला प्लेग. माझा प्रश्न साध्या शिंकेचा होता. त्याची साक्ष द्यायला १९१८ साल आहे. त्या जूनमध्ये मुंबईत जो ताप आला तो तीन-चार दिवसांचा. लोक निजले, उठले, कामाला गेले. 'आला आणि गेला' म्हणून सगळे मोकळे झाले. सप्टेंबरात तो परत आला तेव्हा ऑक्टोबरातल्या एकेका दिवसाला एकट्या मुंबई शहरात शेकड्यांनी माणसं गेली.

तुम्ही म्हणाल, सकाळी चार शिंका आल्या तर हा गृहस्थ मढी कशाला मोजतोय? बरोबर आहे. म्हणून आता तुम्हाला एका सुखाच्या जागी नेतो.

इंग्लंडात सॅलिसबरी गावाशेजारी १९४६ ते १९९० अशी चव्वेचाळीस वर्षं एक सरकारी संस्था होती. काम एकच : लोकांना सर्दी करणं. खरंच! युद्धकाळात अमेरिकनांनी बांधलेल्या इस्पितळाच्या इमारती होत्या. तिथं स्वयंसेवक दहा दिवस येऊन राहत. राहणं फुकट, जेवणं फुकट, वर हातखर्चाला रोजचे काही शिलिंग. दोघादोघांना एकेक बिऱ्हाड. जेवण दाराबाहेर ठेवलेलं असे. फिरायला जावं, पण परक्या माणसापासून तीस फूट लांब राहावं. नाकात थेंब टाकत. ते कधी विषाणूचे, कधी नुसत्या पाण्याचे. कुणाला काय मिळालं ते सांगत नसत. मग रोज किती रुमाल वापरले ते मोजायचे. कागदी रुमालांचा असा चोख हिशेब ठेवणारी संस्था पाहून माझ्यातला कारकून गहिवरतो. विद्यार्थी परीक्षेच्या अभ्यासाला तिथं जात, आणि काही जोडपी तर म्हणे मधुचंद्राला गेली. मधुचंद्रात सर्दी ही कल्पना मी सौ.ला सांगितली. ती म्हणाली, "आपल्या महाबळेश्वरला वेगळं काय झालं होतं?"

तर या संस्थेच्या डॉ. अँड्र्यूज यांनी माझ्या आईच्या वाक्याचीही तपासणी केली. काही मंडळींना गरम पाण्यानं आंघोळ घालून तसंच ओलं, वाऱ्याच्या बोळात उभं केलं. वर ओले मोजे घालून तासन् तास बसवलं. पाय ओले ठेवण्याची याहून मोठी परमावधी नाही. पण नुसत्या गारठलेल्यांपैकी एकालाही सर्दी झाली नाही! हे वाचलं त्या दिवशी मी आईच्या फोटोपुढं उभा राहून तिला सांगितलंसुद्धा. पुढे २००५ साली कार्डिफच्या संशोधकांनी १८० जणांपैकी निम्म्यांचे पाय गार पाण्यात बुडवले आणि त्या निम्म्यांनी सर्दीच्या तक्रारी जास्त केल्या, हे मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.

याच सॅलिसबरीत १९६५ साली डॉ. टायरेल यांना एका शाळकरी पोराच्या सर्दीतून एक अनोळखी विषाणू मिळाला. जून अल्मेडा या बाईंनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचं चित्र काढलं, तर भोवती प्रभावळ! त्यावरून १९६८ साली या घराण्याला नाव पडलं, कोरोना. म्हणजे हे घराणं आपल्याला सर्दी म्हणूनच आधी भेटलं होतं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. २०२१ च्या मार्चअखेरीस माझा घसा खवखवत होता. ताप नाही, काही नाही. क्लोजिंगचे दिवस. मी साहेबांना विचारलं, "तपासून येऊ का?" साहेब म्हणाले, "एकतीसनंतर." मलाही ते सोयीचंच होतं. पॉझिटिव्ह निघालो असतो तर घर सील, अण्णांची पंचाईत. मी गेलो. शाखेत आणखी तिघं खोकत होते. आमचे शिपाईमामा रोज माझ्या टेबलावर चहा ठेवून, व्हाउचरं उचलून, घटकाभर गप्पा मारून जात. निवृत्तीला दोन वर्षं होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना बेड मिळेना. मिळाला तेव्हा उशीर झाला होता. कुणाकडून आलं ते सांगता येत नाही, असं सगळेच म्हणाले. सांगता येत नाही हे खरंच आहे. मी तपासून घेतलं नव्हतं, त्यामुळे मलाही सांगता येत नाही. ते खातं माझ्याकडे अजून सस्पेन्समध्येच आहे.

तर बुधवारी मी बँकेत फोन केला, रजा टाकली आणि कपाट उघडलं. घरी तपासायचं किट होतं, २०२२ च्या जानेवारीत अडीचशे रुपयांना घेतलेलं. त्यावरची तारीख केव्हाच उलटली होती. सौ. केमिस्टाकडे गेली. तो म्हणाला, "आता कोण करतं हो हे?" पण आतून शोधून एक दिलं त्यानं.

नाकात काडी फिरवून पंधरा मिनिटं त्या पट्टीकडे बघत बसलो. बारावीच्या निकालाला इतका बघत बसलो नव्हतो. एकच रेघ आली. म्हणजे निर्दोष. पण पहिल्या दिवशीची एक रेघ म्हणजे काही ऑडिट रिपोर्ट नव्हे. दुसरी तपासणी दोन दिवसांनी करायची ठरवली आणि खोलीतच राहिलो. सॅलिसबरीसारखं जेवण दाराबाहेर येऊ लागलं. शिलिंग मात्र कुणी दिले नाहीत.

शुक्रवारची पट्टीही एकरेघीच निघाली. बाहेर यावं म्हणून दार किलकिलं केलं, तेवढ्यात अण्णांच्या खोलीतून शिंक ऐकू आली. तोंडावर पांघरूण धरून दाबलेली. माझ्या पोटात गोळाच आला. तोंडाला मास्क लावून दारातूनच विचारलं, "अण्णा, कधीपासून?"

"सोमवारपासून," अण्णा पांघरुणातून म्हणाले. "तुझ्या आधीची आहे. मला खोलीत कोंडाल म्हणून बोललो नाही. आता ती काडी माझ्या नाकात घालणार असशील तर आधी चहा आण."