जोड पाहणारी नजर

माळेगावच्या खंडोबाची यात्रा आमच्या लोहा तालुक्यातली. मार्गशीर्षात घोड्या-गाढवांचा बाजार भरतो, तसा कुस्त्यांचा फडही रंगतो. जत्रेच्या फडात जोड लावायची जुनी रीत म्हणजे नजर. काटा नसायचा. पोरगं लंगोट लावून उभं राहिलं की जाणता वस्ताद त्याची मान, मनगट, पोटरी बघणार, दंड दाबणार आणि म्हणणार, "हे सुटलंय, ते काटक आहे. ही जोड नको." दोघं अंगापिंडानं सारखी दिसली तरी चरबी कुठं आणि कस कुठं, हे त्याच्या बोटांना कळायचं.

मग काटा आला, आणि त्यानं लहान चणीच्या मल्लाला न्याय दिला. खाशाबा जाधव 1948 साली लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी 57 किलोच्या गटात कांस्यपदक जिंकलं. वजनगटच नसते तर त्यांची जोड कुणाशी लावली असती?

पण काट्याला आतलं दिसत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आज खेळाडूंच्या दंडामागची, पाठीवरची कातडी चिमट्यात धरून जाडी मोजतात. वस्तादाचा अंगठा नेमकं हेच करत होता, फक्त आकडा लिहीत नव्हता.

मी शाळेत खेळ शिकवतो. आमची पोरं आता फुटबॉलच्याही मागं आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं गेला आणि 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे त्यांना पाठ आहे. फुटबॉलला वजनगट नाहीत, वयोगट आहेत. खरी अडचण तिथंच आहे. चौदाव्या वर्षी एकाला मिसरूड फुटलेलं असतं, तर दुसऱ्याची उंची अजून वाढायलाच लागलेली नसते. वय चोरणाऱ्यांना धरण्यासाठी फिफानं 2009 पासून सतरा वर्षांखालील स्पर्धेत मनगटाचं एमआरआय सुरू केलं. पण लबाडी नसतानाही हाडं मागं-पुढं पिकतात. त्या वयात निवड चाचणीतले उंची-वजनाचे गुण बहुतेकदा लवकर वाढलेल्याच्या पदरात पडतात, आणि पायात खरा खेळ असलेलं बारकं पोर घरी येतं. अशी पोरं मी बसस्टँडवर उतरवून घेतली आहेत.

मापं घ्यावीतच, ती नकोत असं मी म्हणणार नाही. पण एका दिवसाच्या मापावर पोराला बाद करू नये. दर तीन महिन्यांनी उंची, बसलेल्या स्थितीतली उंची आणि वजन लिहीत गेलं, तर कोण वाढून बसलंय आणि कोण वाढायचंय हे वहीतच दिसतं. निवड चाचणीच्या तक्त्यात मागच्या वर्षीच्या उंचीचा एक रकाना हवा. तो भरून द्यायला गावोगावचे खेळशिक्षक आहेत.