आधी बेडका, मग मशीन

बेडका म्हटलं की लोक तोंड फिरवतात. माझं घर त्यावर चाललं. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. क्षयाच्या तपासणीचा इतिहास सांगणारे मायक्रोस्कोपपासून सुरुवात करतात. मला तो बेडका घ्यायच्या प्लॅस्टिकच्या डबीपासून सांगावासा वाटतो.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. त्याची रंगवायची पद्धत मात्र फार वेळखाऊ होती. त्याच वर्षी पॉल एर्लिखनं ती सोपी केली. या जंतूचं आवरण मेणचट. एकदा लाल रंग आत शिरला की आम्लानं धुतलं तरी सुटत नाही. पुढे झील आणि नीलसन यांनी त्यात आणखी सुधारणा केल्या, आणि त्यांच्या जोडनावानं ती पद्धत आमच्या टेबलापर्यंत पोचली. काही वर्षांनी एर्लिखला स्वतःच्याच बेडक्यात हे जंतू सापडले आणि हवापालटासाठी तो इजिप्तला गेला.

जंतू सापडला तशी बेडक्याकडे बघायची नजरच बदलली. तोवर ते आजाराचं एक लक्षण होतं, आता दुसऱ्याला आजार देणारी वस्तू झाली. जर्मनीत फाल्केनस्टाइनच्या सॅनिटोरियममध्ये डेटवायलर नावाच्या डॉक्टरनं १८८९ मध्ये निळ्या काचेची, खिशात मावणारी झाकणाची पिकदाणी आणली. रोग्यानं जमिनीवर थुंकू नये, एवढाच तिचा हेतू.

आपल्याकडे खरं वळण आलं ते बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेमुळे. ती १९५९ मध्ये सुरू झाली. तिथल्या बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन क्षयरोग्यांना गाठलं. निम्म्याहून अधिक जण आपण होऊन दवाखान्यात जाऊन आले होते, पण त्यातल्या बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवलं होतं. रोगी दारात येत होता, त्याचा बेडका कुणी मागत नव्हतं. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमानं बेडक्याची तपासणी साध्या आरोग्य केंद्रांवर आणली. एक्स-रेला वीज लागते. आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीतल्या उन्हावर चालतो.

काम सांगायला सोपं. काडीनं बेडक्यातला पिवळट, घट्ट भाग उचलायचा, स्लाइडवर दोन बाय तीन सेंटिमीटर पसरायचा, वाळवून आचेवर धरायचा. मग फुक्सिन, आम्ल, शेवटी मिथिलीन ब्लू. निळ्यावर लाल सळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह. निगेटिव्ह लिहायचं तर निदान शंभर फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारे गोल, बघून. पण एक मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हाच मायक्रोस्कोपखाली ते सापडण्याची शक्यता. डबीत नुसती लाळ आली तर शंभर काय, पाचशे फील्ड बघून काय उपयोग?

आणि डबीत लाळच यायची, बायकांच्या तर हमखास. सासरा बाकड्यावर बसलेला, ही पदराआड डबी धरून दोनदा थुंकून मोकळी. मी अशीला इमारतीमागं मोकळ्या हवेत न्यायचे. "चूळ भर. आता श्वास आत घे, धर, सोड. परत घे. आता खाकर, पार तळापासून."

"अहो बाई, लाज वाटते."

"हितं आपण दोघीच हाय. काढ."

तेव्हा कुठे खरा बेडका यायचा. सकाळचा नमुनाही यासाठीच मागतात: रात्रभरात छातीत साचलेलं पहिल्या खोकल्याबरोबर सुटतं. आधी तीन नमुने घ्यायचो, २००९ पासून दोन. लहान पोरांना थुंकता येत नाही, ती गिळून टाकतात. म्हणून पहाटे उपाशीपोटी नळी घालून त्यांच्या जठरातलं पाणी काढावं लागतं.

आता तपासणीला सीबीनॅट मशीन आलं, गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट आलं. मायक्रोस्कोपला हजारो जंतू लागायचे, या मशीनना शे-दीडशेही पुरतात. शिवाय रिफॅम्पिसिन हे औषध त्या जंतूवर चालेल का तेही कळतं. पण दोन्ही मशीनची पहिली पायरी एकच: चिकट बेडका रासायनिक द्रावणात घालून पातळ करायचा. मशीन कितीही हुशार असलं तरी डबीत जे नाही ते त्याला दिसत नाही.

नव्या पोरापोरींना मशीनचं प्रशिक्षण मिळतं, ते मिळायलाच हवं. त्यातला एक तास पेशंटला खाकरायला कसं शिकवायचं यासाठी ठेवावा, एवढंच माझं म्हणणं. हा तास ठेवायला सरकारला एक रुपयाही जास्त लागणार नाही.