मुंबई नगरपालिका व मताधिकाराचा विस्तार (१८६५–१९४८)

इ. स. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा नागरी कारभार आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती एकवटला. रस्ते व बाजार उभे राहिले, तिजोरी मात्र रिती झाली. १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला. त्यातून झालेल्या १८७२ च्या कायद्यान्वये ६४ पैकी ३२ सदस्य करदात्यांनी निवडावयाचे ठरले. परंतु मतदार तोच, जो वर्षाला किमान ५० रुपये कर भरी. चाळीतील गिरणी कामगार साहजिकच या व्याख्येबाहेर राहिला. वस्तुतः घरमालकाचा कर भाड्याच्या रूपाने तोही भरीत होता. कायद्याने हे विचारातच घेतले नाही. १९२२ मध्ये दरमहा १० रुपये भाडे देणाऱ्यास मत मिळाले. ज्यांच्या खोलीचे भाडे त्याहून कमी, त्यांना प्रौढ मताधिकारावर झालेल्या १९४८ च्या निवडणुकीपर्यंत थांबावे लागले.